सही जुळत नाही

"काकू, अंगठा येत नाहीये," काउंटरमागचा मुलगा म्हणाला. नोव्हेंबर महिना, हयातीचा दाखला द्यायला आलेल्या आम्हा पेन्शनरांची रांग पार दारापर्यंत गेलेली. मी पदराला अंगठा पुसला आणि पुन्हा त्या इवल्याशा काळ्या यंत्रावर टेकवला. लाल दिवा. डावा अंगठा टेकवला. लाल दिवा. मुलगा स्वभावानं चांगला होता. नोटा मोजताना बोटं भिजवायचा ओला स्पंज त्यानं माझ्यापुढे सरकवला. "वयामुळे रेषा झिजतात हो. भांडी घासून, कपडे धुऊन बायकांच्या जास्तच," असंही म्हणाला. मी समोर उभी होते, त्याच्याशी बोलत होते, श्वास घेत होते, आणि मी मीच आहे हे काही केल्या सिद्ध होत नव्हतं. मागचे गृहस्थ घड्याळ बघू लागले तसा मला घाम फुटला. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं, हिरवा दिवा आला आणि मुलगा हसून म्हणाला, "झालं." पायऱ्या उतरताना पाय किंचित कापत होते. रिक्षात बसल्यावर मात्र मला माझं काही आठवलं नाही. आठवले ते एक आजोबा. खिडकीच्या अलीकडे मी होते तेव्हा पलीकडे उभे असलेले.

1993 साल असेल. तालुक्याच्या गावातली आमच्या बँकेची शाखा, बाजाराचा दिवस, बाहेर बैलगाड्या आणि आत घामाचा, शाईचा, ओल्या पोत्यांचा वास. बाराच्या सुमारास ते आले. धोतर, कोपरी, मुंडासं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं पासबुक. कारखान्याकडून उसाचं बिल जमा झालं होतं, त्यातले दोन हजार काढायचे होते. मी लेजर उघडून शिल्लक पाहिली आणि लाकडी ट्रेमधून नमुना सहीचं कार्ड काढलं. कार्डावरची सही खातं उघडतानाची, म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीची. निळ्या शाईतली, उजवीकडे झुकलेली, शेवटच्या अक्षरावरून मागे वळून अख्ख्या नावाखाली ओढलेली ठसठशीत रेघ. स्लिपवर होती ती एकमेकांपासून लांब लांब उभी राहिलेली अक्षरं, शिरोरेषा दोन ठिकाणी तुटलेली, रेघ नाहीच. "आजोबा, सही जुळत नाही," मी म्हटलं. "मीच की हो बाई," ते म्हणाले. त्यांनी स्लिप मागून घेतली, उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूला पुन्हा सही केली. तिच्याखाली आणखी एक. मग तिसरी. दर वेळी ते मान लांब करून माझ्या हातातल्या कार्डाकडे बघायचा प्रयत्न करत होते, आणि ते कार्ड मी नियमाप्रमाणे पंज्याखाली झाकून धरलं होतं. आपलीच सही त्यांना आठवत नव्हती आणि मी ती त्यांच्यापासून लपवत होते. तिन्ही सह्या एकमेकींशीही जुळेनात. मी लाल शाईनं कोपऱ्यात शेरा मारला, ओळखीचा साक्षीदार घेऊन या म्हणजे अंगठ्यावर पैसे देता येतील असं सांगितलं, आणि पुढच्याला बोलावलं. ते थोडा वेळ बाजूला उभे राहिले आणि निघून गेले. स्लिप काउंटरवरच राहिली.

नियमाप्रमाणे मी चुकले नव्हते.

आजही ते वाक्य मी तसंच लिहीन. खोट्या सहीवर पैसे गेले तर ज्याचे जातात तोही कुणीतरी म्हातारा शेतकरीच असतो, हे मी पाहिलं आहे. आणि तरीही ती तीन सह्यांची उलटी स्लिप मनातून गेली नाही. निवृत्तीनंतर मुलीनं घरी ठेवून दिलेला, मिशेल द मोंतेन या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच लेखकाच्या निबंधांचा जाडजूड इंग्रजी अनुवाद वाचायला घेतला. शेवटच्या भागात लंगड्यांविषयी म्हणून एक निबंध आहे, 1588च्या आवृत्तीत प्रथम आलेला. त्यात तो सहज बोलावं तसं तुलूझच्या कोर्टातल्या एका खटल्याबद्दल बोलतो, आणि तिथे मी पुस्तक मांडीवर ठेवून कितीतरी वेळ नुसती बसले. तो खटला सही जुळण्याचाच होता. फक्त तिथे सही म्हणजे अख्खा माणूस होता.

दक्षिण फ्रान्समधल्या आर्तिगा नावाच्या खेड्यातून मार्तँ गेर नावाचा तरुण शेतकरी 1548 साली बायको-मुलाला टाकून नाहीसा झाला. बापाच्या धान्याची चोरी केल्याचा आळ आला होता म्हणून. 1556 साली एक माणूस आला आणि म्हणाला, मी मार्तँ. बायकोनं, बेर्त्राँदनं, त्याला ओळखलं. चारही बहिणींनी ओळखलं. गावातल्या जुन्या गोष्टी, कोण कधी काय म्हणालं होतं, सगळं त्याला पाठ. तीन वर्षांहून जास्त काळ तो त्या घरात राहिला, मुलं झाली. मग जमिनीच्या उत्पन्नाच्या हिशेबावरून चुलत्याशी बिनसलं आणि चुलता म्हणू लागला, हा आमचा नव्हेच. खालच्या कोर्टात दीडशेच्या आसपास साक्षीदार झाले. तीस-चाळीस म्हणाले, हाच मार्तँ. पंचेचाळीसेक म्हणाले, हा तर अर्नो द्यु तील, शेजारच्या मुलखातला. गावच्या चांभारानं सांगितलं की मार्तँच्या पायाचं माप बारा होतं, याचं नऊ भरतं. पाय काय लहान होतात होय? आणि साठ किंवा जास्तच लोकांनी सांगितलं की आम्हाला सांगता येत नाही, ठरवायचं धाडस होत नाही.

ते साठ जण मला फार जवळचे वाटतात. शेजारी राहिलेली, एकाच चर्चला जाणारी, एकाच बाजारात धान्य विकणारी माणसं. त्यांनाही कुणीतरी दरडावलं असेल, की अरे हो म्हण नाहीतर नाही म्हण. आमच्या कॅशियरनं मला त्या दिवशी विचारलं होतं, "पास करू की परत?" तिसरा रकाना स्लिपवर नसतोच.

खालच्या कोर्टानं त्याला दोषी ठरवलं. अपील तुलूझला गेलं. तिथला विद्वान न्यायाधीश झाँ द कोरास, सगळे पुरावे तोलून, आरोपीला सोडून देण्याकडे झुकत होता. आणि 1560च्या जुलैअखेरीस लाकडी पायावर टक् टक् करत एक माणूस कोर्टात आला. खरा मार्तँ गेर. लढाईत पाय गमावलेला. गंमत म्हणजे जुन्या आठवणी त्याला खोट्यापेक्षा कमी आठवत होत्या. पण बहिणी त्याच्या गळ्यात पडल्या, बेर्त्राँदनं पाय धरले, आणि 16 सप्टेंबरला अर्नोला त्या घरासमोरच फाशी दिलं गेलं. कोरासनं दुसऱ्या वर्षी सगळं पुस्तकरूपानं छापलं. वाचणारा कुणीही म्हणेल, सत्य बाहेर आलं, न्याय झाला. मोंतेन तेव्हा सत्तावीस वर्षांचा, बोर्दोच्या वरिष्ठ न्यायालयात स्वतः काम करणारा. खरा कोण ते कळून चुकल्यावरही, जवळजवळ तीस वर्षांनी, तो लिहितो की ज्या प्रकाराचा खुद्द न्यायाधीशालाच एवढा अचंबा वाटला, त्यावर फाशी सुनावणं मला फार धारिष्ट्याचं वाटलं. त्याचं म्हणणं, निकालाचा असाही एक मसुदा असावा: या प्रकरणात कोर्टाला काही समजत नाही. अथेन्सच्या जुन्या न्यायसभेनं एका गुंतागुंतीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना शंभर वर्षांनी हजर राहा असं सांगितलं होतं, ती गोष्टही तो तिथे सांगतो.

तेरा वर्षं तो त्या न्यायालयात होता. 1570 साली जागा सोडली आणि पुढच्या वर्षी, अडतिसाव्या वाढदिवशी, आपण चाकरीला कंटाळून इथे येऊन बसलो आहोत असं लॅटिनमध्ये भिंतीवर लिहून घेतलं. बोर्दोच्या पूर्वेला त्याच्या वडिलोपार्जित वाड्याचा एक गोल बुरूज होता. तळाला देवघर, म्हणजे त्यांचं चॅपेल, मधे निजायची खोली, वर पुस्तकं. सोळा पावलं रुंदीची गोल खोली, तीन खिडक्या, भिंतीबरोबर वळत गेलेली पाच पाच फळ्यांची कपाटं, हजारभर ग्रंथ. आणि डोक्यावरच्या तुळयांवर रंगवलेली ग्रीक-लॅटिन वचनं. त्यात काही एकेका शब्दाची आहेत: मी ठरवत नाही. मला आकळत नाही. मी थांबतो. मी निरखतो. हा "मी थांबतो" त्याला इतका आवडला, की 1576 साली त्यानं पाडून घेतलेल्या बिल्ल्यावर तराजूचं चित्र आणि हाच ग्रीक शब्द आहे. दोन्ही पारडी समान. मान वर करून रोज तुळईवर हे वाचायचं आणि मग खाली मान घालून लिहायचं, कसं वाटत असेल?

हे शब्द आले होते सेक्स्टस एम्पिरिकस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथातून. हजार-दीड हजार वर्षं फारसं कुणी न वाचलेला तो ग्रंथ 1562 साली आँरी एतिएन या मुद्रकानं लॅटिनमध्ये छापला. पाळीच्या तापानं अंथरुणाला खिळलेला असताना, पुस्तकांचा वीट आलेला असताना ते हस्तलिखित त्याच्या हाती लागलं, असं तो प्रस्तावनेत सांगतो. सेक्स्टसचे दाखले वाचताना मला आमची आजी आठवली. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, हे ती उठता-बसता म्हणायची. सेक्स्टसही तेच म्हणतो, आणि पुढे विचारतो, निरोग्याला गोड लागणारा मध कावीळवाल्याला कडू लागतो. मग मध मुळात कसा आहे हे दोघांपैकी कुणाच्या जिभेनं ठरवायचं? या संशयवादी पंथाचा मूळ पुरुष पिऱ्हो सिकंदराच्या सैन्याबरोबर आपल्याकडे येऊन इथल्या दिगंबर तपस्व्यांना भेटून गेला होता, अशी ग्रीकांची जुनी नोंद आहे. तो त्यांच्याकडून काय घेऊन गेला असेल याचा विचार करत मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

पण 1562 हे साल नुसतं छपाईचं नाही. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातली युद्धं पेटली आणि मोंतेनच्या मरणापर्यंत, 1592पर्यंत, विझली नाहीत. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरनं पोपला विचारलं होतं, खऱ्या धर्माची खूण कोणती हे तुम्ही कोण ठरवणार? पोपच्या बाजूनं विचारलं गेलं, मग तुम्ही तरी कोण? नमुना सही कुणाकडे आहे हाच वाद, आणि त्या वादावर गावंच्या गावं जळत होती. तुलूझचा तो विद्वान कोरास प्रोटेस्टंट होता. 1572 साली त्याच तुलूझमध्ये जमावानं त्याला मारून लटकवलं. ज्यांनी मारलं त्यांना खात्री होती.

आपल्याकडे "संशय" हा शब्द बरा मानत नाहीत. संशयात्मा विनश्यति हे लहानपणीच कानावर पडतं. संशयी नवरा, संशयाचं भूत, संशयाचा किडा. आणि संशय आपण नेहमी "घेतो", कुणावर तरी घेतो. मोलकरणीवर, सुनेवर, परगावच्या माणसावर, मळक्या धोतरातल्या म्हाताऱ्यावर. मीही काउंटरवर बसून वर्षानुवर्षं तोच घेत होते आणि त्याला सावधपणा म्हणत होते. मोंतेन वाचताना माझ्या लक्षात आलं की त्याचा संशय उलट्या दिशेनं चालतो. समोरचा खोटा आहे का, हा त्याचा प्रश्नच नसतो. मी जे ओळखलं असं मला वाटतं, ते ओळखणारा मी कितपत भरवशाचा, हा असतो. त्या दिवशी मी आजोबांच्या हाताबद्दल संशय घेतला. वीस वर्षांपूर्वीच्या कार्डाबद्दल, माणसाचा हात वीस वर्षं तसाच राहतो या समजुतीबद्दल, माझ्या डोळ्यांबद्दल मला कसलीच शंका आली नाही.

या वृत्तीला शब्द सापडेनात म्हणून तो बराच झगडला. मला शंका आहे, असं म्हटलं की लगेच कुणीतरी मानगूट पकडणार: म्हणजे शंका आहे हे तरी तुला नक्की माहीत आहे ना! आपली भाषा सगळी ठाम विधानांची, असं तो म्हणतो, आणि म्हणून विधान सोडून प्रश्न धरतो. "मला काय ठाऊक?" हेच त्याचं बोधवाक्य झालं, तराजूसकट. कदाचित, काहीसं, म्हणतात, मला वाटतं, अशा विधानाची धार कमी करणाऱ्या शब्दांवर आपलं प्रेम आहे असंही त्यानं लिहून ठेवलं आहे. तो मराठी असता तर सुखावला असता असं मला राहून राहून वाटतं. नुसतं "म्हणे" घ्या. "तो आला म्हणे." दोन अक्षरांत आपण सांगून टाकतो की मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, माझ्या नावावर खपवू नका. "आला असावा", "आला की काय", "आला वाटतं", प्रत्येकात खात्रीचं माप वेगळं. हे शब्द घराघरांत इतके सहज बोलले जातात, आणि कचेरीच्या कागदावर यातला एकही उमटत नाही. लाल शाईनं "सही जुळत नसावी" असं मी कधीच लिहिलं नसतं.

लंगड्यांविषयीच्या त्याच निबंधात एक म्हातारी आहे. चेटकिणींना जिवंत जाळण्याचा तो काळ. एका संस्थानिकानं मोंतेनचा अविश्वास मोडून काढायला म्हणून त्याला तुरुंगातल्या दहा-बारा चेटकिणी दाखवल्या, त्यात ही एक. पुरावे होते, आपखुशीचे कबुलीजबाब होते, अंगावर सैतानाची म्हणून ओळखली जाणारी खूणही होती. तो तिच्याशी मनसोक्त बोलला, हवं ते विचारलं, आणि शेवटी त्याचं मत झालं की हिला विषाचा पेला देण्यापेक्षा वेडावरची मुळी द्यावी. एखाद्याला जिवंत भाजायचं म्हणजे स्वतःच्या अंदाजांची किंमत फारच चढी लावणं, हे त्याचं वाक्य तिथलं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यातला युक्तिवाद दिसला. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं ते इतकंच, की तो तिच्याशी बराच वेळ बोलला.

त्याच्यानंतरचा फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त शंकेकडे शिडीसारखा बघतो. 1641च्या त्याच्या चिंतनांत तो सगळ्यावर शंका घेतो, पण खाली कुठेतरी पक्का खडक लागावा म्हणून. त्यातही एक खिडकी आहे. खिडकीतून रस्त्यावरची माणसं दिसतात असं आपण म्हणतो, पण दिसतात त्या टोप्या आणि अंगरखे; आत कळसूत्री यंत्रंही असू शकतील; ती माणसं आहेत हे आपण ठरवतो. तीस वर्षं खिडकीत बसलेल्या बाईला हे निराळं समजवावं लागत नाही. देकार्तला खडक लागला आणि तो पुढे गेला, त्याच्याशिवाय आजचं शास्त्र उभं राहिलं नसतं हेही खरं. पण मला खडकापेक्षा तो बुरूज जवळचा वाटतो, जिथे एक माणूस खात्रीवाचूनही नीट जगायला शिकत होता.

तरी एक गोष्ट त्याच्याशी भांडून विचारावीशी वाटते. शंभर वर्षांनी या, असं सांगणं न्यायसभेला शोभतं. आजोबांना मी "साक्षीदार घेऊन या" म्हटलं तेही एका अर्थी थांबणंच होतं. मी निकाल दिला नव्हता, राखून ठेवला होता. पण त्या थांबण्याचं भाडं त्यांनी भरलं. एसटीनं परत जायचं, साक्षीदार शोधायचा, त्याचा रोजगार बुडवायचा, दोघांचं तिकीट काढायचं. वाड्याचं उत्पन्न असलेल्या माणसाला थांबणं परवडतं. हे मी मोंतेनला कमीपणा आणायला म्हणत नाही. मुतखड्याच्या कळांनी तळमळत, युद्धाच्या वाटेवरच्या घराचे दरवाजे उघडे ठेवून तो थांबला होता, ते धैर्य सोपं नाही. तरीही खिडकीच्या दोन्ही बाजूंना थांबण्याचा भाव सारखा नसतो, आणि हे कोडं मला त्याच्याकडून सुटलेलं नाही.

त्याच्या स्वतःच्या अक्षराचा पुरावा बोर्दोत जपून ठेवला आहे. 1588च्या छापील प्रतीच्या समासांत मरेपर्यंत तो हातानं भर घालत राहिला. तरुणपणी गेलेला मित्र एतिएन द ला बोएसी आपल्याला इतका प्रिय का होता, याचं उत्तर त्याला छापील मजकुरात देता आलं नव्हतं. समासात त्यानं लिहिलं, "कारण तो तो होता." आणि नंतर कधीतरी, निराळ्या शाईत, "कारण मी मी होतो." दोन शाया म्हणजे दोन दिवस, कदाचित दोन वर्षं, निराळ्या वयाचा तोच हात. आत्ताचा मी आणि मघाचा मी हे दोघे आहेत, असं त्यानं लिहिलं आहेच. आमच्या कार्डाच्या नियमानं त्याची एकही स्लिप पास झाली नसती.

आजोबा आठ दिवसांनी आले. बरोबर विशीतला एक पोरगा, आमचाच खातेदार, त्याच्या सहीवर म्हातारा माणूस खरा ठरला. मी नवं कार्ड भरलं, शाईचं पॅड पुढे केलं, त्यांचा अंगठा धरून गोल फिरवला. कातडी सागाच्या सालीसारखी खरखरीत. ठसा उमटला तो जवळजवळ नुसता काळा डाग, रेषा अशा नव्हत्याच. तो कुणाशी कधी जुळला असता, ते मी तेव्हा मनातही आणलं नाही. त्यांनी अंगठा मुंडाशाखालच्या केसांना पुसला, पैसे दोनदा मोजले, कनवटीला लावले. मग काचेशी वाकून म्हणाले, "बाई, माझी ती चिठ्ठी हाय का? त्या दिवशीची?" ती माझ्या खणात होती. का ठेवली होती, मला सांगता यायचं नाही. मी काढून दिली. त्यांनी ती उलटी धरली, तिन्ही सह्यांवरून डोळे फिरवले, घडी घातली आणि पासबुकाच्या पिशवीत आत सरकवली.